जिप्सीत बसून कुणापासून लपताय?

ऑक्टोबरात ताडोबाचा गाभा पर्यटकांना उघडतो आणि त्याच सुमारास एक मेसेज दरवर्षी नव्याने उगवतो. यंदा तो मला चार ग्रुपांवर आला. त्यातला एक ग्रुप आमच्या सोसायटीने पाण्याच्या टाकीसाठी काढलेला आहे. मजकूर साधारण असा:

"जंगल सफारीला जाताय? साध्या कपड्यांत जाल तर वाघ लांबूनच निघून जाईल. परदेशी शिकारी वापरतात तेच कपडे घ्या. कॅमोफ्लाजमुळे प्राण्याला तुम्ही दिसत नाही. लाल, नारिंगी रंग दिसला की हरणं पळतात. वास अडवणारं कापड असेल तर वाघ जवळ येतो. थंडी, पाऊस, ऊन, सगळ्याला एकच जाकीट पुरतं. महाग आहे, पण एकदाच घ्यायचं, आयुष्यभर चालतं."

खाली पंचवीस-तीस हजारांच्या जाकिटाची लिंक.

हे जाकीट माझ्याकडे आहे. अगदी तेच नसेल, पण त्याच जातीचं, एका अमेरिकन शिकारी ब्रँडचं. सहा वर्षांपूर्वी तिकडून येणाऱ्या आतेभावाकरवी मागवलं, तेव्हा सत्तावीस हजार पडले. घरी सांगताना त्यातले वीस हजार मी गिळले. त्यामुळे द्राक्षं आंबट म्हणणाऱ्या कोल्ह्यात माझी गणना करू नका. मी ती खाल्ली आहेत, बियांसकट. आता मेसेजमधला एकेक दावा घेऊ.

"कॅमोफ्लाजमुळे प्राण्याला तुम्ही दिसत नाही"

तुम्ही कुठे बसलेले असता ते आधी बघा. चार मीटर लांबीची उघडी जिप्सी. तिच्यात सहा पर्यटक, एक गाइड, एक चालक. इंजिन चालू, मागे धुळीचा लोट, आणि वाघ असल्याची कुणकुण लागली असेल तर मागेपुढे अशाच आणखी दहा-बारा गाड्या. या सगळ्या जत्रेत एकाच्या अंगावर ओकच्या पानांची नक्षी आहे. कुणाला फसवणार ती? ओकची म्हणतो ते खरंच. माझ्या जाकिटावर जी पानं छापली आहेत त्यांचं एकही झाड ताडोबातल्या मोहर्लीच्या सागवानात उगवत नाही.

पहिल्यांदा ते घालून गेलो तेव्हा गाइडने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. म्हणाला, "भाऊ, वाघाले गाडी दिसते. तुमच्या पानाफुलाचं त्याले काय करायचं? फक्त उभे नका होऊ." सत्तावीस हजारांचा निकाल तिथेच लागला होता. मला कळायला आणखी तीन सफाऱ्या लागल्या.

वाघ जिप्सीला बुजत नाही, कारण लहानपणापासून ती त्याच्या रोजच्या बघण्यातली असते. ताडोबातल्या पांढरपौनीची माया वाघीण पिल्लं घेऊन गाड्यांच्या रांगेमधून निघून जायची, ते हजारो लोकांनी पाहिलं आहे. त्या लोकांच्या अंगात गुलाबी टी-शर्टपासून नऊवारीपर्यंत सगळं होतं. प्राण्याच्या दृष्टीने गाडी हे एक अखंड जनावर आहे: मोठं, वासाचं, आवाजाचं, पण निरुपद्रवी. त्या जनावरातून एखादा तुकडा वेगळा झाला, म्हणजे कुणी सीटवर उभं राहिलं, हात बाहेर काढून बोट दाखवलं, की वाघाची मान वळते.

हे तत्त्व आपल्याकडे फार जुनं आहे. फासेपारधी काळवीटाच्या मागावर जायचे तेव्हा शिकवलेली गाय किंवा बैल पुढे घालून तिच्या आडून सरकायचे. ब्रिटिशांच्या काळातल्या नोंदींत याची वर्णनं आहेत. काळवीट माळावर रोज गुरं बघतं, गाय दिसली म्हणून मान वर करत नाही. पारध्याला पानांची नक्षी लागली नाही, त्याला रोजच्या ओळखीचं जनावर पुरलं. (या लोकांना इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवलं आणि तो शिक्का स्वातंत्र्यानंतरही पुरता पुसला नाही, ही वेगळी गोष्ट. पण जंगलातलं शहाणपण मोजायचं झालं तर ते त्यांच्याकडे होतं.) आपली जिप्सी म्हणजे पारध्याची गाय. गाईच्या आड बसल्यावर वर पानं कशाला गुंडाळायची?

आता शिकाऱ्याची अडचण काय असते ते बघा, म्हणजे हे कपडे का निघाले ते कळेल. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. अमेरिकेत हरणाची शिकार परवान्याने चालते, आणि धनुष्यबाणाने मारणारा माणूस झाडावर बांधलेल्या फळीवर एकटा, तासन्‌तास बसलेला असतो. हरीण वीस-तीस यार्डांत आल्याशिवाय त्याला बाण सोडता येत नाही. तेवढ्या जवळ आलेल्या हरणाला इथे कुणी आहे याचा संशयसुद्धा येता कामा नये. तिथे शरीराची बाह्यरेषा मोडणारी नक्षी, न वाजणारं कापड, चेहऱ्यावर जाळी, या सगळ्याला अर्थ आहे. ते कपडे खोटे नाहीत, एका विशिष्ट माणसाच्या विशिष्ट अडचणीसाठी शिवलेले आहेत, आणि तो माणूस तुम्ही नाही.

गंमत म्हणजे त्या माणसालाही ते कायम वापरता येत नाहीत. बंदुकीच्या हंगामात अमेरिकेतली बरीच राज्यं शिकाऱ्याला झगझगीत नारिंगी घालायला लावतात. पेनसिल्व्हेनियात डोकं, छाती, पाठ मिळून 250 चौरस इंच. विस्कॉन्सिनमध्ये कमरेच्या वर जे दिसतं त्याचा किमान निम्मा भाग नारिंगी, किंवा 2016 पासून गुलाबीही चालतो. म्हणजे अंगात महागडी पानांची नक्षी आणि तिच्यावर चढवलेली, आपल्या रस्त्यावरच्या सफाई कामगारांसारखी, स्वस्तातली नारिंगी बंडी. तरी हरणं मारली जातातच. कशी, ते पुढच्या मुद्द्यात.

"लाल, नारिंगी रंग दिसला की हरणं पळतात"

दिसला तर पळतील ना!

माणसाच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात, हरणांच्या डोळ्यात दोनच. 1990 च्या दशकात जॉर्जिया विद्यापीठातल्या आणि इतर संशोधकांनी पांढऱ्या शेपटीच्या हरणांच्या डोळ्यांची उपकरणाने मोजणी केली तेव्हा एक पेशी निळ्याला आणि दुसरी हिरवट-पिवळ्याला दाद देते असं दिसलं. तांबड्याला दाद देणारी तिसरी पेशी नाही. त्यामुळे नारिंगी रंग त्यांना पाल्यासारखाच मळकट दिसतो. म्हणून तो कायदा चालतो: बंडी दुसऱ्या शिकाऱ्याला दिसते, हरणाला नाही.

याहून मोठा पुरावा खुद्द वाघ आहे. दाट हिरव्या रानात नारिंगी अंगाचं दोनशे किलोंचं जनावर दबा धरून बसतं, आणि चितळाला ते दहा पावलांवर येईपर्यंत पत्ता लागत नाही, हे आपल्याला कोडं वाटतं कारण आपले डोळे तिरंगी आहेत. ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये हे संगणकाने पडताळून पाहिलं: दोनच रंगपेशी असलेल्या डोळ्याला नारिंगी वाघ पाल्यात मिसळून जातो. वाघ नारिंगी आहे, हे चितळाला माहीतच नाही.

मग हरणाला काय दिसतं? निळं. आणि इथे मेसेजवाल्यांची खरी फजिती आहे. बाजारातल्या बऱ्याच वॉशिंग पावडरमध्ये कपडे 'चमकदार' दिसावेत म्हणून ऑप्टिकल ब्राइटनर घातलेलं असतं. ते डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं, तोही नेमका त्या पट्ट्यात जिथे हरणाची निळी पेशी सर्वांत जागी असते. ओळखीच्या पेट्रोल पंपावर नोटा तपासायचा जांभळा दिवा आहे. एकदा रात्री तिथे माझं जाकीट त्याच्याखाली धरलं. घरच्या पावडरीत चार वेळा धुतलेलं होतं. पानं, फांद्या, सगळी नक्षी गायब आणि उरलं ते भुतासारखं निळसर चमकणारं फडकं. पंपावरचा मुलगा म्हणाला, "नकली आहे वाटते."

तेव्हा कापड कुठलंही असू द्या, ते कशात धुता याला किंमत जास्त आहे. आणि पांढराशुभ्र शर्ट घालू नका, हे गाइड सांगतात ते बरोबरच आहे; रंग दिसो न दिसो, सावलीत पांढरा ठिपका हलताना सगळ्यांना दिसतो. मळखाऊ काहीही चालतं. 'खाकी' या शब्दातच 'खाक' म्हणजे धूळ आहे. एकोणिसाव्या शतकात सरहद्दीवरच्या पलटणींनी पांढरे कपडे मातकट रंगवून घेतले तेव्हा त्यांना कुणी लिंक पाठवली नव्हती.

एक अपवाद मात्र मान्य केला पाहिजे. पक्षी. त्यांच्या डोळ्यात चार प्रकारच्या रंगपेशी असतात, आपल्यापेक्षा एक जास्त, लाल तर त्यांना छान दिसतो. माळरानावर पायी फिरून पक्ष्यांचे फोटो काढत असाल तर भडक रंग टाळा आणि नक्षीचाही थोडाफार उपयोग होतो. पण तिथेही गोणपाटाच्या चिंध्या बांधलेली जाळी अंगावर घेऊन आडवं पडलेला माणूस माझ्या जाकिटाला सहज हरवतो. निशाणबाज सैनिकांचे झुबकेदार सूट त्या तागाचेच करत आले आहेत.

"वास अडवणारं कापड असेल तर वाघ जवळ येतो"

यावर फार वेळ घालवणार नाही. या कापडात सक्रिय कोळशाचे कण असतात आणि ते अंगाचा वास शोषतात असा दावा असतो. 2002 मध्ये जॉन शिविक या अमेरिकन संशोधकाने माणसं शोधायला शिकवलेल्या कुत्र्यांवर त्याची परीक्षा घेतली. कोळशाचे कपडे घातलेली माणसंही कुत्र्यांनी शोधून काढली. शोधायला लागणाऱ्या वेळात फरक पडला तो वारा आणि हवामानामुळे, कपड्यांमुळे नाही. श्वास तर तुम्ही तोंडानेच सोडता, तोंडाला कोळसा कोण लावणार?

शिवाय वाघ शिकार करतो ती मुख्यतः डोळ्यांनी आणि कानांनी. वास त्याला दुसऱ्या वाघाची खबर ठेवायला लागतो. आणि जिप्सीत पेट्रोल आहे, मागच्या सीटवर कुणीतरी थेपल्यांचा डबा उघडला आहे, पुढच्या काकूंनी अत्तर लावलं आहे. तुमच्या काखेचा वास या मैफलीत ऐकूसुद्धा येणार नाही.

"थंडी, पाऊस, ऊन, सगळ्याला एकच जाकीट"

हा एकच दावा असा आहे ज्यात निम्मं तरी तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर.

थंडी. जानेवारीत पहाटे गाडी गेटकडे निघते तेव्हा पारा आठ-दहा अंशांवर असतो. नागपूरकर म्हणतील, यात काय एवढं? पण उघड्या गाडीत वारा लागतो. वाऱ्यामुळे जाणवणारी थंडी काढायचं जे सूत्र हवामानवाले वापरतात, त्याने आठ अंशांना ताशी 40 किलोमीटरचा वारा म्हणजे अंगाला साधारण तीन अंश. कान्हा-पेंचकडे पारा पाचवर असेल, तर जंगलातल्या ताशी 20 च्या संथ चालीतही एक अंशावर जाता. अशा वेळी वारा अडवणारा थर लागतोच, आणि माझं जाकीट तिथे झकास काम करतं. पण तेच काम आत स्वेटर आणि वर मोटारसायकलवाल्यांचं दीड हजाराचं विंडचीटर यांची जोडीसुद्धा करते. सफारीत तुम्ही बसून असता, डोंगर चढत नसता. घाम येतच नाही, त्यामुळे 'घाम शोषून बाहेर टाकणारे' महागडे थर बेकार बसून राहतात. बोटं आणि कान मात्र जाकिटाच्या बाहेर असतात. हातमोजे आणि कानटोपी यांचा त्या मेसेजमध्ये उल्लेखही नाही, कारण त्यावर कमिशन किती सुटणार?

पाऊस. इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. पाणी आत येऊ न देणारं पण वाफ बाहेर जाऊ देणारं कापड ही खरोखर अक्कलहुशारीची वस्तू आहे. 1969 मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉनच्या कांबीला हळूहळू न ओढता एकदम हिसका दिला, आणि त्यातून जे सच्छिद्र पापुद्र्यासारखं निघालं त्यावर हा सगळा धंदा उभा आहे. पण वाफ बाहेर जाते ती काही जादूने नाही. आत वाफेचा दाब जास्त आणि बाहेर कमी असेल तरच ती जाते. अंगाजवळची हवा 33 अंशांची आणि घामाने भिजलेली धरली तर तिथला दाब सुमारे 5 किलोपास्कल. बाहेर युरोपातली थंडी, 5 अंश आणि 80 टक्के आर्द्रता, म्हणजे दाब 0.7. फरक चार किलोपास्कलांहून जास्त, वाफ धावत सुटते. आता आपला जुलै घ्या: 24 अंश, आर्द्रता 95 टक्के, दाब 2.8 च्या आसपास. फरक जेमतेम निम्मा. त्यात बाहेरचं कापड पाण्याने चिंब झालं की उरलीसुरली वाटही बंद. बफरमध्ये, म्हणजे गाभ्याबाहेरच्या पट्ट्यात, पावसाळी सफारीला मी हे जाकीट घालून गेलो तेव्हा बाहेरून कोरडा आणि आतून ओला परतलो. शेजारच्या गृहस्थांनी शेतकरी वापरतात तसला प्लॅस्टिकचा घोळदार पावसाळी झगा घातला होता. खालून वारा खेळत होता, ते बरे राहिले.

ऊन. मे महिन्यात चंद्रपूर पंचेचाळीसच्या वर जातं. त्या उन्हात पॉलिएस्टरच्या नक्षीत बसणाऱ्यांना मी हात जोडतो. पूर्ण बाह्यांचा ढगळ सुती शर्ट आणि डोक्याला ओला दुपट्टा बांधलेला चालक तुमच्या समोरच बसलेला असतो. तो रोज दोन फेऱ्या करतो. त्याचं बघून घातलं तरी पुरे.

"आयुष्यभर चालतं"

माझं सहा वर्षं चाललं, त्यातही शेवटची दोन कण्हत. आपल्या दमट हवेत कपाटात नुसतं ठेवलं तरी पॉलियुरेथेनचा लेप पाणी धरून फुटायला लागतो. न वापरलेल्या बुटांचे तळवे अचानक भुगा होऊन पडतात तोच प्रकार. आधी शिवणीवरच्या पट्ट्या सुटल्या, मग आतून पांढरे पोपडे. दुरुस्तीला अमेरिकेत पाठवायचं तर टपालखर्चात दुसरं जाकीट येईल.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्टही सांगून टाकतो. आम्ही ज्याला कौतुकाने 'जंगल लूक' म्हणतो, त्याचा अर्थ चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात वेगळा लागतो. तिथे ठिपक्यांचा सैनिकी गणवेश म्हणजे पोलिसांचं सी-60 हे नक्षलविरोधी पथक, आणि हिरवा गणवेश म्हणजे दुसऱ्या बाजूचे, नक्षलवादी. मोह वेचायला निघालेल्या बायांनी एकदा बफरमधल्या गावाच्या वाटेवर मला चहाच्या टपरीकडे चालत येताना पाहिलं आणि त्या झटकन बाजूला झाल्या. हसत सांगण्यासारखी ही गोष्ट नाही. त्यांनी जे आयुष्य काढलं आहे त्यात अशा कपड्यातला अनोळखी पुरुष ही चांगली बातमी कधीच नव्हती. सैन्याच्या नक्षीची नक्कल असेल तर त्याहून जपा: 2022 च्या सैन्यदिनी आलेल्या नव्या गणवेशाच्या नक्षीची सैन्याने नोंदणी करून घेतली आहे, आणि सैनिक असल्याचं भासवण्यासाठी तसा वेश करणं हा तर गुन्हाच आहे, तीन महिन्यांपर्यंत कैदेचा.

मग पैसे कुठे घालावेत, असं मला लोक विचारतात. एक जागा अशी आहे जिथे शिकाऱ्यांच्या कपड्यांतला एक गुण खरंच हवासा वाटतो: मचाण. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या 'निसर्गानुभव' कार्यक्रमात पाणवठ्यावर रात्रभर बसायला मिळतं. तिथे गाडी नाही, गाय नाही, तुम्ही आणि शांतता. त्या शांततेत रेनकोटचं चुरचुर वाजणं सांबराला लांबवर ऐकू जातं. न वाजणारं कापड हवं, हे शिकाऱ्यांचं म्हणणं तिथे शंभर टक्के पटतं. मी पंढरपूरहून आणलेली घोंगडी नेतो. टोचते, पण वाजत नाही, आणि पहाटेच्या दवात ओलसर झाली तरी ऊब सोडत नाही.

सत्तावीस हजारांत त्या वेळी एक चांगली दुर्बीण आली असती आणि वर एखादी सफारीही. दुर्बिणीतून पाहिलेला बिबट्या शेजारच्या जिप्सीला दिसतच नाही, हा आनंद नक्षीत नाही. जाकीट आता हिवाळ्यात सकाळी दूध आणायला जाताना स्कूटरवर घालतो. वारा अजून अडवतं. पानं पाहून गल्लीतली कुत्री भुंकतात, म्हणजे त्यांना मी दिसतो.

आणि टोपी घ्याल तेव्हा हनुवटीखाली बांधायची नाडी असलेली घ्या, शंभर-दोनशेची चालेल. जंगलात टोपी उडाली तर गाडीतून खाली उतरायला तुम्हाला परवानगी नसते. माझी ब्रँडची टोपी, त्याच जाकिटाची जोडीदार, कोलारा गेटच्या आतल्या एका वळणावर उडाली. दुसऱ्या दिवशी त्याच वळणावर लंगूरांचं एक पिल्लू ती उलटी धरून चावत बसलेलं दिसलं.